अवतारांचा डाव: सावंतवाडीची गंजिफा आणि टॅरोची पाने

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने असतात. रंग दहा, आणि प्रत्येक रंगाचा धनी विष्णूचा एक अवतार: मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. प्रत्येक रंगात बारा पाने. अवतार स्वतः राजा, त्याच्या हाताखाली प्रधान आणि मग एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. राजाच्या पानावर अवताराची पूर्ण मूर्ती, प्रधान बहुधा घोड्यावर. उरलेल्या दहा पानांवर त्या अवताराची खूण मोजून काढलेली असते. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू, रामाच्या पानांवर बाण. वराह, नृसिंह, कृष्ण आणि बुद्ध यांच्या खुणा प्रांताप्रांतांत बदलतात. शंख, चक्र, गाय, कमळ यांची त्यांच्यात अदलाबदल होते. कल्कीला कुठे तलवार, कुठे घोडा. या खेळात राणी नाही, गुलाम नाही आणि जोकरही नाही.

देवाधर्माची चित्रे वागवणारी पाने युरोपातही झाली, ती टॅरोची. आज मराठी शहरांतल्या अनेकांना टॅरो भविष्य सांगण्याचे साधन म्हणून ठाऊक आहे, आणि गंजिफा मात्र पुष्कळांनी फक्त चित्रांत पाहिलेली आहे. वास्तविक दोन्ही खेळ एकाच घराण्यातले. दोन्हींत धार्मिक चित्रे आली ती डावाच्या नियमांत आपापली जागा घेण्यासाठी. म्हणून या चित्रांचा अर्थ लावताना आधी नियम पाहावे लागतात. पानावर कोण आहे यापेक्षा ते पान कोणाला मारते आणि कोणाकडून मारले जाते, हे जास्त बोलके ठरते.

पत्त्यांचा खेळ चीनमधून मध्य आशियामार्गे पश्चिमेकडे सरकला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातला एक जोड इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात एल. ए. मायर या अभ्यासकाला १९३१ मध्ये सापडला. त्यात चार रंग आहेत: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. दरबारी पाने तीन, आणि ती राजा व त्याच्या दोन नायबांची. माणसांची चित्रे नाहीत; हुद्दे अक्षरांत लिहिलेले आहेत. हेच चार रंग इटलीत पेले, नाणी, तलवारी आणि दंडुके होऊन पोचले आणि पुढे टॅरोतही तसेच राहिले. पूर्वेकडे इराणमधून जी शाखा हिंदुस्थानात आली, तिचे नाव गंजिफा. इकडचा तिचा पहिला पक्का उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. सिंधमधल्या ठठ्ठ्याच्या शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्याने तो मागितला होता, म्हणून जून १५२७ मध्ये बाबराने त्याच्याकडे गंजिफा धाडली. बाबराने ही नोंद खेळाची काहीच ओळख न देता केली आहे; म्हणजे दरबारात तो सर्वांच्या परिचयाचा होता.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफेचे वर्णन केले. तिचे राजे अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती, दलपती, वनपती, अहिपती असे एकेका बळाचे धनी आहेत. त्यांत देवांचा धनी सुरपतीही आहे. अकबरी गंजिफेतली ही नावे संस्कृत वळणाची आहेत, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हिंदू देवता पत्त्यावर येण्याची वाट मोगल दरबारातूनच गेली होती, असे त्यावरून म्हणता येते.

लोकांत रुळली ती आठ रंगांची, ९६ पानांची मोगली गंजिफा. दख्खनेत तिला चंगकांचन म्हणत. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे तिचे रंग. ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम म्हणजे सेवक, चंग हे तंतुवाद्य, बरात हा सरकारी कागद, किमाश हा व्यापाराचा माल, सफेद हे चांदीचे नाणे आणि सुर्ख हे सोन्याचे. एका सुलतानाच्या राज्याला जे जे लागते ते सगळे या आठ रंगांत आहे: सत्ता, शस्त्र, मनुष्यबळ, करमणूक, दफ्तर, कोठार आणि दोन खजिने.

आठांपैकी चार रंग ‘बेशबर’, चार ‘कमबर’. ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या बेशबर रंगांत राजा आणि वजिराखाली दश्शी मोठी, मग नव्वी, अशी उतरत एक्क्याकडे येणारी रांग. उरलेल्या चार कमबर रंगांत वजिराखाली लगेच एक्का, आणि दश्शी सर्वांत तळाला. नव्या खेळाडूला हा उलटा क्रम फार छळतो. हीच रीत जुन्या इटालियन टॅरोच्या खेळातही आहे: तलवारी आणि दंडुक्यांत मोठा आकडा वरचढ, पेले आणि नाण्यांत लहान. दोन दूरच्या प्रदेशांत इतका विचित्र नियम स्वतंत्रपणे सुचणे कठीण, म्हणून दोन्ही खेळांचे मूळ एक मानायला तो मोठा आधार ठरतो.

दशावतारी गंजिफेने हा नियम जसाच्या तसा घेतला. मत्स्यापासून वामनापर्यंतचे पाच अवतार एका गटात आणि परशुरामापासून कल्कीपर्यंतचे पाच दुसऱ्या गटात. एका गटात आकड्यांची रांग सुलटी, दुसऱ्यात उलटी. या विभागणीला पुराणांच्या अंगाने अर्थ लावता येतो. पहिल्या पाचांपैकी तीन अवतार पशुरूप, चौथा अर्धा सिंह आणि पाचवा बुटका बटू. परशुरामापासून पुढे पूर्ण पुरुषरूप. हा अर्थ सुंदर आहे आणि खेळणाऱ्यांच्या मनात तो येतही असेल. पण क्रम उलटण्याचे कारण पुराणांत शोधण्याची गरज नाही. आठाचे दहा रंग करताना बेशबर आणि कमबर यांची जुनी निम्मी-निम्मी वाटणी तशीच ठेवली गेली, आणि ती अवतारांच्या पारंपरिक क्रमावर मधोमध बरोबर बसली.

उतारीचा नियम त्याहून बोलका आहे. मोगली गंजिफेत डाव दिवसा असेल तर पहिली उतारी सुर्खच्या राजाची, म्हणजे सोन्याची, आणि रात्री असेल तर सफेदच्या राजाची, म्हणजे चांदीची. जुन्या पानांवर हे दोन राजे सूर्य आणि चंद्र यांच्या खुणांनीही रंगवलेले दिसतात. दशावतारी गंजिफेत दिवसाची उतारी ज्याच्या हाती राम त्याची, आणि रात्रीची ज्याच्या हाती कृष्ण त्याची. राम सूर्यवंशी, भर दुपारी जन्मलेला. कृष्ण चंद्रवंशातल्या यदुकुळातला, मध्यरात्री जन्मलेला. ज्या कोणी हा बदल प्रथम केला, त्याला मूळ खेळातले सोने-चांदी आणि सूर्य-चंद्र नीट समजले होते, आणि रामनवमी व गोकुळाष्टमीची वेळही त्याच्या अंगवळणी होती. दरबारी प्रतीकाचे धार्मिक प्रतीकात रूपांतर इतक्या नेमकेपणाने झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. संपूर्ण गंजिफेत कल्पकतेची खरी जागा कुठे असेल, तर ती ही.

दशावतारी गंजिफेचे वय याच नियमांवरून अजमावता येते. बंगालमधल्या विष्णुपूरच्या गोल पानांवर हरप्रसाद शास्त्री यांनी १८९५ मध्ये लेख लिहिला आणि त्यांतल्या बुद्धाच्या जागेवरून हा खेळ हजार वर्षांहून जुना असावा असे अनुमान काढले. चित्रांपुरते पाहिले तर ते अनुमान मोहात पाडते. पण राजा-प्रधानाची जोडी, आकड्यांचा उलटा क्रम, दिवस-रात्रीची उतारी हे सारे मोगली गंजिफेशी जुळते. तेव्हा अवतारांनी त्या खेळात नंतर प्रवेश केला, असे मानणेच सयुक्तिक आहे. खेळ इराणी वळणाचा असला, तरी त्यावरचा वैष्णव साज पूर्णपणे इथला.

नवव्या अवताराचे पान प्रांतागणिक वेगळे होते. विष्णुपूर आणि ओडिशाकडे बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातल्या जुन्या पंचांगांवर आणि दशावताराच्या चित्रांत त्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठ्ठलही दिसतो. बुद्धाला विष्णूचा अवतार मानल्यावर त्याला कोणत्या रूपात दाखवायचे, हा प्रश्न चितारी लोकांनी आपापल्या भागातल्या सर्वांत लाडक्या दैवताकडे पाहून सोडवला. मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा जवळच्या देवळाचा अधिकार मोठा ठरला.

सावंतवाडीत हा खेळ रुजण्यामागे संस्थानचा आश्रय होता. तिथल्या परंपरेनुसार तेलंगणाकडून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी अठराव्या शतकात गंजिफा खेमसावंत भोसले तिसरे यांच्या दरबारी आणली आणि राजाने आपल्या चितारी कारागिरांना ती करायला सांगितले. खेमसावंत तिसरे यांची कारकीर्द १७५५ ते १८०३ अशी दीर्घ होती. त्या आधीपासूनच या भागात दशावतार घरोघरी माहीत होते. दक्षिण कोकणात देवळांच्या जत्रांतून रात्रभर चालणारे दशावतारी नाटक ही तिथली लोककला. तिच्या पूर्वरंगात, म्हणजे आड दशावतारात, वेद चोरणारा, मत्स्यावताराचा शत्रू संकासुर रंगमंचावर येतो. जो प्रेक्षक जत्रेत ही कथा पाहायचा, त्याला पत्त्यावरचा मत्स्य कोण हे कोणी सांगायला नको होते.

खेळ तिघांचा. प्रत्येकाला ४० पाने. पाने पिसायची रीत म्हणजे ती कापडावर पालथी पसरून हाताने ढवळायची. गोल पाने हातावर पिसता येत नाहीत. या खेळात हुकूम नाही. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगातले वरचे पान हात जिंकते, दुसऱ्या रंगातला राजासुद्धा तिथे निकामी. त्यामुळे सगळे कौशल्य स्मरणात आहे: १२० पानांपैकी कोणती पडून गेली, कोणत्या रंगात आता सर्वांत मोठे कोणते राहिले, आणि त्या रंगाचा क्रम सुलटा की उलटा. हुकूम नसण्याला आणखी एक अर्थ आहे. मत्स्य कल्कीला मारत नाही, राम कृष्णाला मारत नाही. प्रत्येक अवतार आपल्या रंगात सर्वोच्च, आणि कोणी कोणाहून मोठा नाही. राम आणि कृष्ण यांना मान आहे तो फक्त डाव सुरू करण्याचा.

टॅरोत याच्या अगदी उलट रचना आहे. उत्तर इटलीत १४४० च्या सुमारास चार रंगांच्या ५६ पानांना २२ चित्रपानांची जोड दिली गेली आणि ७८ पानांचा जोड तयार झाला. या चित्रांतला बाविसावा, मूर्खाचा पत्ता वेगळा. बाकीच्या २१ पानांना क्रम आहे आणि वरचे पान खालच्या प्रत्येकाला मारते. ही कायमच्या हुकुमांची उतरंड होय. क्रम गावोगाव थोडा बदलत असे, पण सांगाडा एकच. तळाशी बाजारातला गारुडी, मग सम्राज्ञी, सम्राट, पोप अशी सत्तास्थाने. त्यांना मात देणारे प्रेम. मग संयम, धैर्य, न्याय हे सद्गुण आणि दैवाचे चक्र. वृद्ध तपस्वी, ज्याच्या हाती जुन्या पानांत कंदिलाऐवजी वाळूचे घड्याळ असे. उलटा टांगलेला माणूस, आणि मृत्यू. मृत्यूच्या वर सैतान, मनोरा, तारा, चंद्र, सूर्य, आणि शिखरावर देवदूताच्या तुतारीने मृतांना उठवणारा अंतिम न्याय आणि जग. सम्राटाला पोप मारतो, सगळ्या सत्तांना मृत्यू मारतो आणि मृत्यूला अंतिम न्याय. पंधराव्या शतकातल्या ख्रिस्ती मनाची विश्वाची मांडणी डावाच्या नियमात उतरलेली दिसते.

उलट्या टांगलेल्या माणसाचा उलगडा तत्कालीन इटलीत सोपा होता. दगाबाजांची आणि कर्जबुडव्यांची चित्रे भिंतीवर उलटी टांगलेली काढण्याची तिथे शिक्षाच होती, आणि काही जुन्या याद्यांत या पानाचे नाव ‘गद्दार’ असे आहे. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्यास सोन्याच्या वर्खावर रंगवलेला जो प्रसिद्ध जोड आहे, त्याची ७८ पैकी ७४ पाने उरली आहेत आणि ती न्यूयॉर्क व बेर्गामो इथे विभागलेली आहेत. त्यात सैतान आणि मनोरा ही पाने नाहीत. चर्चचा राग मात्र या पानांवर लवकरच ओढवला. त्याच शतकात एका इटालियन धर्मोपदेशकाने पोप, देवदूत आणि सद्गुण यांना जुगाराच्या पानांवर आणल्याबद्दल कडक शब्दांत प्रवचन केले. त्या प्रवचनातली पानांची यादी आज टॅरोच्या क्रमाचा महत्त्वाचा पुरावा आहे.

टॅरोतून भविष्य सांगण्याची प्रथा खेळ सुरू झाल्यावर तीनशेहून अधिक वर्षांनी आली. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलॅं या फ्रेंच लेखकाने टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी चित्रांत दडवलेला ग्रंथ आहे असे जाहीर केले. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. ती शांपोलिऑंने उलगडली १८२२ मध्ये. पुढच्या काही वर्षांत एतेला या टोपणनावाच्या पॅरिसच्या ज्योतिष्याने टॅरो पाहून भाकीत करण्याची पद्धत छापली. हे पॅरिसमध्ये घडले, कारण त्या शहरात टॅरोचा खेळ तोवर जवळपास विस्मृतीत गेला होता. जिथे लोक रोज संध्याकाळी टॅरो खेळत होते तिथे सहसा कोणाला त्यात गूढ दिसले नाही. आज जगभर, आणि भारतातही, जो जोड सर्वाधिक दिसतो तो १९०९ मध्ये लंडनमध्ये निघालेला. आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रे. साध्या आकडेपानांवरही प्रसंगचित्रे आली ती या जोडाने रूढ केली, आणि टॅरो ‘वाचणे’ त्यामुळेच सोपे झाले.

गंजिफेच्या वाट्याला हे रूपांतर आले नाही. नवग्रहांची १०८ पानांची आणि राशींची १४४ पानांची गंजिफाही केली गेली. भविष्याला याहून सोयीची सामग्री दुसरी कोणती असणार? तरी तिचाही उपयोग डाव मांडण्यासाठीच होता. याची दोन कारणे दिसतात. एक म्हणजे कोकणात प्रश्न विचारायला दुसऱ्या वाटा भरपूर होत्या. देवळात देवाला कौल लावण्याची रीत होती आणि आहे: मूर्तीवर फुले किंवा पाने चिकटवायची आणि कोणते आधी पडते त्यावरून देवाचे उत्तर समजायचे. पंचांग होते, रमलाचे फासे होते, देवांची चित्रे असलेल्या चिठ्ठ्या पोपटाकडून उचलून घेणारे ज्योतिषी बाजारात होते. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. गूढ अर्थ तिथे शोधला जातो जिथे उघड अर्थ हरवलेला असतो. दशावतारांचा उघड अर्थ सावंतवाडीत कधी हरवला नव्हता. तो कीर्तनात होता, जत्रेत होता, देव्हाऱ्यातल्या तसबिरीत होता.

पाने करण्याचे काम चितारी कुटुंबांकडे होते, आणि गावातली चितार आळी अजूनही लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळांसाठी ओळखली जाते. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून वाळवत, गोल कापत, त्यावर पांढरा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटत. मग प्रत्येक रंगाची स्वतःची जमीन भरायची, कारण गोल पानाला कोपरा नसतो. हातातले पान कोणत्या अवताराचे हे खेळाडू आधी जमिनीच्या रंगावरून ओळखतो. त्यावर कुंचल्याने मूर्ती आणि खुणा, शेवटी लाखेचे रोगण. मागची बाजू सर्व १२० पानांची अगदी एकसारखी ठेवावी लागे, नाहीतर पान मागून ओळखू येते. श्रीमंतांसाठीची दरबारी पाने कडेच्या नक्षीने गच्च भरलेली, बाजारी पाने चार फटकाऱ्यांत उरकलेली. या दोन्हींत कलेच्या अभ्यासकांनी दरबारीला झुकते माप दिले आहे. पण बाजारी पानांतले चार रेषांचे कासव काढायला हात फार तयार असावा लागतो, आणि खेळ टिकवला तो त्याच स्वस्त पानांनी.

एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले ५२ पानांचे युरोपीय पत्ते स्वस्तात आले आणि हाताने रंगवलेल्या १२० पानांचे गिऱ्हाईक झपाट्याने कमी झाले. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी (१७९४-१८६८) याच काळात ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात ३६० पानांपर्यंतचे नवे खेळ रचले. कल्पनेचा तो कळस होता, पण ते खेळ राजवाड्याबाहेर रुजले नाहीत. संस्थाने विलीन झाल्यावर सावंतवाडीतही आश्रय संपला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ही पाने करू जाणणारे पुंडलिक चितारी हे एकटेच वृद्ध कारागीर उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला समजून घेतली, स्वतः कुंचला धरला आणि १९७१ मध्ये सावंतवाडी लॅकरवेअर्स सुरू करून राजवाड्यातच चितारी बसवले. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या सत्त्वशीलादेवींनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत हे काम सोडले नाही. मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरची गंजिफा जमवली, आणि १९८२ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे सावंतवाडीचे नाव अभ्यासकांपर्यंत पोचले.

आज राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर पाने रंगवताना पाहता येतात. दशावतारी जोडांबरोबर नवग्रह आणि राशींचे जोडही तयार होतात, आणि खुर्च्या, पेट्या, तबके यांवरही तीच चित्रे चढली आहेत. सावंतवाडीच्या गंजिफेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन वस्तूला आणि तिच्या घडणीला मिळते. उतारी, उलटे रंग आणि पाने लक्षात ठेवण्याची रीत त्याच्या कक्षेत येत नाही. ती रीत ज्यांना येते अशी माणसे आता थोडी आहेत, आणि बहुतेक पाने डाव न मांडता चौकटीत बसवली जातात.